पिकू न दिलेले फळ

संगणकीय खेळांत जखमी झालेल्या पात्राला पुन्हा उभे करण्यासाठी बहुधा एखादे औषध योजलेले असते, आणि ते कोठून आले, कोणी तयार केले, संपल्यावर पुन्हा मिळेल की नाही, असे प्रश्न खेळणाऱ्याला पडू नयेत अशीच त्याची रचना असते. जपानमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या ‘पोकेमॉन’ या खेळमालिकेत मात्र दुकानातल्या औषधाच्या जोडीला पुढे एक फळ आले, आणि त्या फळाने हे प्रश्न काही अंशी का होईना खेळाच्या आत आणले. या मालिकेत खेळाडू काल्पनिक प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि इतरांच्या प्राण्यांशी झुंजवतो. प्रत्येक प्राण्याची शिल्लक ताकद एका आकड्याने दाखवली जाते, त्याला खेळाडू ‘एचपी’ म्हणतात आणि मराठीत प्राणांक म्हणता येईल. १९९९ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या भागांत प्राण्याजवळ एक फळ देऊन ठेवण्याची सोय झाली; झुंजीत प्राणांक निम्म्यावर उतरला की प्राणी ते फळ आपणहून खातो आणि त्याचे १० प्राणांक भरून येतात. अशाच गुणाच्या फळाला पुढच्या भागांत ‘ओरान बेरी’ हे नाव मिळाले. तिच्याहून गुणकारी ‘सिट्रस बेरी’ आरंभी ३० प्राणांक भरून देत असे, आणि २००६ पासूनच्या भागांत ती प्राण्याच्या पूर्ण ताकदीचा चौथा हिस्सा परत देऊ लागली.

या तपशिलातील खरे महत्त्वाचे पाऊल २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या भागांत पडले. तेथे वाटेच्या कडेला भुसभुशीत मातीचे तुकडे असतात. त्यांवरचे फळ तोडले की झाड नाहीसे होते आणि माती रिकामी राहते. त्या जागी पुन्हा झाड हवे असेल तर खेळाडूला आपल्या झोळीतील एक फळ मातीत घालावे लागते, त्यातून कोंब येतो, रोप वाढते, फुलोरा येतो आणि मग फळ धरते. मधल्या काळात पाणी घातले तर फळे अधिक येतात. म्हणजे जे फळ जखम भरते तेच बियाणेही असते, आणि खाणे व पेरणे यांतून दर वेळी एकाची निवड करावी लागते. याहून बारीक, पण प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक अशी गोष्ट ही की कोंबाच्या किंवा फुलाच्या अवस्थेतील झाडावरून काहीच तोडता येत नाही. फळ तयार होईपर्यंत थांबणे हा त्या जगाचा कायदा आहे आणि तो मोडण्याची वाटच तेथे ठेवलेली नाही.

या खेळाचे जनक सातोशी ताजिरी हे टोकियोच्या सीमेवरील माचिदा या भागात वाढले. लहानपणी कीटक गोळा करण्याचा त्यांना नाद होता, आणि ज्या शेतांत व डबक्यांत ते किडे सापडत ती शहर वाढत गेले तशी बुजत गेली; हरवलेल्या त्या रानाचा काही अनुभव पुढच्या मुलांना मिळावा ही प्रेरणा या खेळामागे होती, असे त्यांनी सांगितले आहे. शहराच्या कडेचे रान मागे हटत असता जन्मलेल्या कल्पनेत फळझाडाला पुन्हा पेरण्याचा नियम यावा, हे त्यामुळे नवलाचे वाटत नाही. तो नियम त्या मालिकेतही कायम टिकला नाही, ही गोष्ट वेगळी. २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ या भागांत झाड हलवून फळे पाडायची असतात आणि लोभाने फार वेळा हलवले तर झाडावरचा प्राणी खाली येऊन पडलेल्या फळांतील बराच वाटा घेऊन जातो, एवढाच संयम उरला. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या भागांत फळे वाटेत पडलेली सापडतात आणि पेरणीचे कामच नाहीसे झाले आहे.

औषधी फळाच्या या काल्पनिक अर्थव्यवस्थेला पुणे जिल्ह्यात एक खरी जोड आहे, आणि ती शोधण्यासाठी जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे या तालुक्यांकडे वळावे लागते. यांपैकी वेल्ह्याचे नामांतर आता राजगड असे झाले आहे. भोर तालुक्याच्या पश्चिम अंगाला नीरेच्या उगमाकडचे हिरडस मावळ आणि वरंध घाट, वेल्ह्यात कानंदी व गुंजवणी यांची खोरी, तोरणा व राजगड हे किल्ले, आणि उत्तरेला पानशेत व वरसगाव धरणांना पाणी देणाऱ्या आंबी व मोसे या नद्या, असा हा डोंगराळ मुलूख आहे. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस आणि पूर्वेकडे काही कोसांतच तो झपाट्याने उतरत जाणारा, अशा स्थितीमुळे येथे माथ्यालगत अंजनी, जांभूळ आणि पिसा यांची सदाहरित राने व त्यांच्याखाली पानझडीची राने जवळजवळ उभी राहतात. या दोहोंच्या सांध्यावर, शेताच्या बांधावर आणि मालकीच्या वरकस जमिनीतही आढळणारे झाड म्हणजे हिरडा.

हिरडा हा ऐन आणि बेहडा यांच्याच कुळातला वृक्ष आहे. त्याचे फळ लांबट, पिकल्यावर पिवळसर, वाळल्यावर कंगोरे पडणारे असते. त्यात तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन भरपूर असते आणि मधोमध दगडासारखी कठीण आठळी असते. बाजारात याच फळाचे अवस्थेनुसार वेगवेगळे प्रकार होतात. आठळी धरण्यापूर्वी तोडून वाळवलेले, काळे पडलेले लहान फळ म्हणजे बाळहिरडा. पूर्ण वाढलेल्या मोठ्या फळाला सुरवारी हिरडा म्हणतात. आणि कातडी कमावण्याच्या कामी येणाऱ्या फळाला चांभारी हिरडा हे नाव पडले. इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून परदेशच्या कातडी कारखान्यांना जो हिरडा जात असे तो या टॅनिनसाठी, आणि वनखात्याच्या दृष्टीने तो गौण वनोपजांतील मोलाचा माल होता. लाकूड सोडून जंगलातून जे काही मिळते त्याला कायद्याच्या भाषेत गौण वनोपज म्हणतात. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून ते आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवण्याची रीत तर छिपाईच्या आणि कलमकारीच्या कामात अजूनही चालू आहे.

तरीही हिरड्याची खरी प्रतिष्ठा औषधाची. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच ‘अभयामलकीय’ या नावाच्या रसायनपादाने होतो, आणि त्यातील अभया म्हणजे हिरडा व आमलकी म्हणजे आवळा. बेहड्यासह या तिघांचे त्रिफळा होते. आयुर्वेदात चव ही केवळ जिभेची बाब नसून द्रव्याच्या गुणाची खूण मानली जाते. तेथे सहा रस मानले आहेत आणि हिरड्यात खारट सोडून बाकीचे पाचही, म्हणजे गोड, आंबट, तिखट, कडू आणि तुरट, असतात असे सांगितले आहे. पोकेमॉनच्या खेळातील फळांनाही चवी आहेत, त्याही पाचच, आणि त्या तिखट, तुरट, गोड, कडू व आंबट अशा आहेत. खारट तेथेही नाही. प्रत्येक प्राण्याचा एक स्वभाव ठरलेला असतो, बहुतेक स्वभावांना त्यांपैकी एक चव आवडते आणि एक नावडते, आणि फिगी, विकी, मागो अशा काही फळांबाबत नावडत्या चवीचे फळ दिले तर प्राणांक भरतात पण प्राण्याला भ्रम होतो. एकच औषध दोन प्रकृतींना सारखे लागू पडत नाही, हा विचार खेळाच्या रचनेत इतक्या थेट स्वरूपात यावा हे लक्षणीय आहे.

या साम्यावरून खेळाच्या रचनाकारांनी आयुर्वेद वाचला होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु हिरडा जपानला परका नाही, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. सम्राट शोमू यांच्या निधनानंतर इ.स. ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्यो यांनी नारा येथील तोदाइजी मंदिराला जी ६० औषधे अर्पण केली, त्यांची यादी शोसोइन या कोठारात आजही जपलेली आहे आणि तिच्यात हिरड्याची नोंद आहे. पुढच्या शतकांत अनिष्ट टाळणारी वस्तू म्हणून हिरड्याच्या आकाराची शोभेची लटकन जपानी घरांत टांगली जाऊ लागली. तिबेटी परंपरेतील भैषज्यगुरू बुद्धाच्या हातातही हिरडाच असतो. सह्याद्रीच्या रानातल्या मुलाला जे फळ तुरट म्हणून थुंकावेसे वाटते त्याच जातीचे फळ बौद्ध धर्माबरोबर आशियाच्या दुसऱ्या टोकापर्यंत औषधाचे प्रतीक होऊन गेले, हे भोर-वेल्ह्यातील शाळांतूनही सांगितले गेले पाहिजे.

खेळातील फळ आणि हिरडा यांच्यातला मोठा फरक मात्र गुणाच्या मोजमापात आहे. ओरान बेरी कोणत्याही ऋतूत, कोणत्याही प्राण्याला, कितव्याही वेळी १० प्राणांकच देते. हिरड्याच्या बाबतीत शास्त्राने ऋतू, अनुपान आणि खाणारी व्यक्ती या तिन्हींच्या अटी घातल्या आहेत. अनुपान म्हणजे औषधाबरोबर घ्यायची जोड. पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ, या क्रमाने हिरडा घेण्याला ऋतुहरीतकी म्हणतात. भावप्रकाशात हिरडा कोणी खाऊ नये याचीही यादी आहे, आणि तिच्यात फार चालून थकलेला, शक्ती गेलेला, कृश, उपवासाने क्षीण झालेला, पित्त वाढलेला, शरीरातून रक्त काढलेला आणि गर्भवती स्त्री यांचा समावेश आहे. खेळात ज्याला फळ हटकून द्यायचे, त्या थकलेल्या आणि बळ ओसरलेल्या जिवालाच येथे ते वर्ज्य ठरते. औषध हे आजारी माणसाच्या अवस्थेवर ठरते, औषधाच्या अंगच्या एखाद्या कायम आकड्यावर ठरत नाही, ही जाण त्या यादीमागे आहे.

घरगुती वापरातही हेच दिसते. महाराष्ट्रात तान्ह्या बाळासाठी गुटी उगाळताना हिरडा, बेहडा, मुरडशेंग, सागरगोटा, वेखंड, जायफळ अशी द्रव्ये सहाणेवर पाण्यात किंवा दुधात उगाळली जातात, आणि मात्रेचे माप म्हणजे वेढा. हिरड्याचे दोन वेढे, जायफळाचा अर्धाच, असे घरातील वडीलधारी बाई बाळाचे पोट, वय आणि ऋतू पाहून ठरवत आली. आधुनिक बालरोगतज्ज्ञ पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये असे सांगतात, आणि स्वच्छतेचा व मात्रेच्या अनिश्चिततेचा विचार करता तो सल्ला पाळला जाणेच योग्य आहे. परंतु त्या सल्ल्याने गुटी बंद झाली तरी वेढ्यामागचे तारतम्य निरर्थक ठरत नाही. आज हिरड्याची पूड डबीत भरून ‘पचनासाठी’ म्हणून सरसकट विकली जाते, तेव्हा तिच्यावर ना ऋतूची अट असते ना माणसाची. बाजाराने हिरड्याला ओरान बेरीच्या जवळ नेले आहे.

पण बाजाराने याहून गंभीर गोष्ट केली आहे, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. पक्व हिरड्यात औषधी भाग म्हणजे आठळीभोवतीची साल. आठळी औषधासाठी लागत नाही, ती काढूनच टाकली जाते. याचा अर्थ असा की निसर्गाने हिरड्याच्या बाबतीत खेळापेक्षाही उदार व्यवस्था करून ठेवली होती. खेळात फळ एक तर खावे लागते किंवा पेरावे लागते. पिकलेल्या हिरड्याची साल औषधाला आणि आठळी मातीला, असे दोन्ही एकाच फळात साधते. बाळहिरडा ही दुहेरी शक्यता संपवतो. आठळी धरण्यापूर्वीच फळ उतरवल्यामुळे ते सगळेच्या सगळे विकता येते, वजनात कवच जात नाही, आणि व्यापाऱ्याकडून त्याला पक्व हिरड्यापेक्षा कितीतरी अधिक भाव मिळतो. मात्र त्या फळातून रोप येण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्या अवस्थेत झाडाला हात लावण्याची खेळाने सोयच ठेवली नाही, नेमक्या त्या अवस्थेला खऱ्या बाजारात सर्वांत चढा भाव आहे.

यात रानात फिरणाऱ्या माणसाला दोष देणे अन्यायाचे होईल. बाळहिरडा उतरवण्याचा हंगाम उन्हाळ्यातला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या तोंडावरचा. भाताचे बियाणे, चार महिन्यांचे धान्य, घराची शाकारणी आणि मुलांची शाळा या सगळ्यांसाठी रोख पैसा लागतो तो याच दिवसांत, आणि डोंगरातल्या कुटुंबाला या वेळी मजुरीखेरीज दुसरा आधार फारसा नसतो. झाडावर चढणे जोखमीचे, फळे वेचणे वेळखाऊ, आणि उन्हात वाळवताना वळवाचा एखादा पाऊस आला की माल बुरसटतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत हिरड्याच्या हानीची भरपाई मिळावी अशी मागणी पुढे आली. हे उत्पन्न किती कुटुंबांच्या वर्षाचा कणा आहे ते तेव्हा राज्याला दिसले. पक्व हिरडा हिवाळ्यात मिळतो. तोपर्यंत थांबायचे म्हणजे पावसाळा उसनवारीवर काढायचा, आणि त्यानंतरही कमी भाव घ्यायचा. असा संयम गरिबाकडून फुकट मागता येत नाही.

शिवाय थांबण्याची इच्छा असली तरी एकट्याने थांबून चालत नाही. ज्या रानात कोणाचा हक्क ठरलेला नाही तेथे आज राखलेले फळ उद्या दुसरा उतरवतो, आणि म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी, आणखी कोवळ्या अवस्थेत, तोडू पाहतो. फांदीच छाटून खाली आणण्याची घाईही याच भीतीतून येते. जेथे वर्षानुवर्षे हाती लागेल ते सगळे फळ कोवळेच उतरते तेथे जुनी झाडे उभी दिसतात, त्यामुळे रान शाबूत आहे असे वाटते. परंतु त्यांच्याखाली त्यांची पुढची पिढी कोठून येणार याचे उत्तर मिळत नाही. हिरड्याचे बी मुळात अवघड आहे. कठीण कवचामुळे ते सावकाश आणि थोडेच रुजते, उघड्यावर पडलेल्यांतील बरेच उंदीर-घुशी फोडतात, आणि उरलेल्या रोपांना उन्हाळ्यातील वणवा व चराई यांतून तगावे लागते. ज्या झाडाला शंभरांतून मोजकीच रोपे लाभतात त्याची शंभर फळेही पिकू न देणे, हा तोटा हळूहळू आणि न दिसता वाढत जाणारा आहे.

त्रिफळातील इतर दोन फळांची स्थिती याहून बरी आहे. आवळा तयार झाल्यावरच काढला जातो, आणि त्याची फळे हरणे व भेकरे खाऊन बिया दूर टाकतात असे भारतीय जंगलांतील अभ्यासांत आढळले आहे. बेहड्याचे फळ पिकून आपोआप खाली पडते आणि झाडाखालून वेचले जाते, त्यामुळे वेचणीने झाडाला इजा होत नाही. बेहड्याच्या जुन्या, उंच खोडांतील ढोलीत धनेश घरटी करतो. हे लक्षात घेऊन पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने उत्तर सह्याद्रीत झाडे राखण्याच्या अटीवर फळे विकत घेण्याची व्यवस्था उभी केली, आणि रानातून गोळा केलेल्या मालासाठी असलेल्या ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय मानकाची तिला जोड दिली. खरेदीदार झाडाच्या भवितव्याची किंमत भावात मिळवू शकतो, हे या प्रयोगातून दिसते. हिरड्यासाठी तसे करणे अधिक कठीण आहे, कारण तेथे केवळ झाड राखून भागत नाही, झाडावरचे फळही राखावे लागते.

भोर-वेल्ह्याच्या इतिहासात फळ पिकू देणारी एक संस्था होती आणि तिचे अवशेष अजून आहेत. देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान, जेथील फांदीदेखील देवाच्या अनुमतीखेरीज तोडू नये असा संकेत असतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला त्यात या परिसरालाही स्थान होते; पानशेतच्या जलाशयाकाठी शिरकोली येथील शिरकाईचे रान हे येथील एक परिचित उदाहरण आहे. धरणाच्या कामासाठी रस्ते झाले, त्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी आले, आणि भोवतीचा डोंगर भट्ट्यांत गेला तरी देवराया बऱ्याच अंशी टिकल्या, हे या खोऱ्यांचे वास्तव गाडगीळ यांनी नोंदवले आहे. देवराईत झाडाला वय होऊ दिले जाते, फळ पिकून जागेवर पडते आणि रोप उगवते. परंतु देवराईचे क्षेत्र लहान असते, आणि आजूबाजूच्या साऱ्या डोंगराचे बियाणे तिने पुरवावे ही अपेक्षा तिच्या ताकदीपलीकडची आहे. तिचा नियम तिच्या सीमेबाहेर कसा न्यावा, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर कायद्यात काही प्रमाणात उपलब्ध आहे, आणि येथेच भोर-वेल्ह्याची अडचण इतर तालुक्यांहून निराळी ठरते. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र, म्हणजे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली आदिवासींसाठी विशेष संरक्षण लाभलेला प्रदेश, हा आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांपुरता आहे. तेथे ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी देणारे पेसासारखे कायदे लागू होतात, आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदीचीही तेथे परंपरा आहे. भोर आणि वेल्ह्यातही महादेव कोळी व कातकरी राहतात, तोच सह्याद्री आहे, तोच हिरडा आहे. पण हे तालुके त्या क्षेत्राबाहेर पडतात. केंद्राने २०१३–१४ मध्ये गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली आणि आरंभीच्या यादीतच हिरड्याला स्थान दिले, तरी आधारभूत किंमत कागदावर असणे आणि डोंगरवाडीपर्यंत काटा घेऊन खरेदीदार येणे यांत फार अंतर आहे.

२००६ चा वनहक्क कायदा मात्र अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही, आणि भोर-वेल्ह्यासाठी तो म्हणूनच अधिक महत्त्वाचा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर मालकी आणि विक्रीचा हक्क दिला आहे, आणि त्याच कलमात सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्कही आहे. पहिल्या हक्कावर जेवढा भर दिला जातो तेवढा दुसऱ्यावर दिला जात नाही, वास्तविक हिरड्याचे भवितव्य दुसऱ्यावर अवलंबून आहे. कोणते झाड कधी उतरवायचे, कोणते राखायचे आणि नियम मोडणाऱ्याला काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यातूनच मिळतो. गवळी धनगरांसारख्या, महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या समाजांना हा हक्क मागताना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. फिरत्या पशुपालनावर जगलेल्या कुटुंबांकडे एवढे जुने कागद असतील अशी अपेक्षा ठेवणे कठोर आहे; ज्येष्ठांचे जबाब आणि जुन्या वाड्यांच्या, थडग्यांच्या, देवस्थानांच्या खुणा हाही पुरावा नियमांनी मान्य केला आहे, आणि दावे तपासणाऱ्या समित्यांनी तो मनापासून स्वीकारला पाहिजे.

हक्क मिळाल्यावर नियम काय असावा याचे उत्तर एकच असू शकत नाही. बांधावरच्या मालकीच्या झाडाचा निर्णय शेतकरी घेईल, आणि सामूहिक रानाचा निर्णय ग्रामसभा. पण बाळहिरड्यावर सरसकट बंदी घालणे हा त्यांतला सर्वांत वाईट मार्ग ठरेल, कारण तिचा भार केवळ वेचणाऱ्यावर पडतो आणि माल चोरवाटांनी आणखी स्वस्तात जातो. दर रानातील ठरावीक झाडे दर वर्षी आळीपाळीने उन्हाळ्यात न उतरवता हिवाळ्यापर्यंत ठेवावीत, त्यांची साल विकावी आणि आठळ्या रोपवाटिकेला किंवा डोंगराला परत जाव्यात, ही व्यवस्था अधिक न्याय्य आहे. त्यात जी घट येईल ती औषध बनवणाऱ्या उद्योगाने दरात भरून दिली पाहिजे. त्रिफळाच्या डबीवर हिमालयाची आणि ऋषींची चित्रे छापणाऱ्या उद्योगाला ही मागणी जड नाही. उद्या लागणारा कच्चा माल त्याच आठळ्यांतून यायचा आहे. आज रुजलेल्या हिरड्याला पहिले फळ धरायला कित्येक वर्षे लागतात, आणि तोपर्यंतचा खर्च कोण उचलतो हे ठरवण्याचे काम खरेदीच्या करारातच व्हायला हवे, म्हणजे भाव, तोडणीची तिथी आणि राखीव झाडांची संख्या ही तिन्ही कलमे एकाच कागदावर ग्रामसभेच्या सहीने येतील.